पित्ताची रोजची गोळी चालू ठेवायची की सोडायची? सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघूया

आईच्या औषधांच्या डब्यात एक गोळी सहा वर्षं होती. गुडघ्यासाठी पेनकिलर दिलं तेव्हा सोबत दहा दिवसांसाठी, सकाळी रिकाम्या पोटी घ्या म्हणून दिलेली, पेनकिलर संपलं पण ही चालूच राहिली, कारण बंद करा असं कुणी म्हणालंच नाही आणि जुनी स्ट्रिप दाखवली की मेडिकलवाला नवी देतो. मागच्या वर्षी तिच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या, बी12 तपासलं तर बरंच कमी. ते गोळीमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, ती शाकाहारी आहे आणि आपल्याकडे शाकाहारी लोकांचं बी12 तसंही कमी असतं, पण अन्नातलं बी12 सुटं व्हायला पोटात अ‍ॅसिड लागतं आणि तेच आपण सहा वर्षं दाबून ठेवलेलं. तेव्हापासून यावर खूप वाचलं, डॉक्टरांना विचारलं, तेच इथे लिहितोय.

आधी ही रोजची गोळी. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, पित्ताच्या गोळीच्या नावाशेवटी 'प्राझोल' आलं की सगळी एकाच जातीची. पोटात अ‍ॅसिड सोडणारे जे पंप असतात तेच ही बंद करते, म्हणून जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, आणि पूर्ण असर यायला तीन ते पाच दिवस लागतात. जळजळ सुरू झाल्यावर घेऊन लगेच आराम मिळेल अशी ही गोळीच नाही. अन्ननलिकेला जखमा झाल्या असतील किंवा अल्सर असेल तर हिच्या तोडीचं बाकीच्यांत काही नाही, हे मान्य करायलाच हवं.

धोक्यांचं म्हणाल तर दोन टोकाची माणसं भेटतात, एक म्हणतात किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात, डिमेन्शिया म्हणजे विसरभोळेपणाचा आजार होतो, दुसरे म्हणतात काही होत नाही खुशाल घ्या. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2010 मध्ये फ्रॅक्चरबद्दल, 2011 मध्ये रक्तातलं मॅग्नेशियम कमी होण्याबद्दल आणि 2012 मध्ये आतड्याच्या एका चिवट इन्फेक्शनबद्दल इशारे दिलेत. पण यातले बरेच धोके नुसत्या निरीक्षणातून आलेत, म्हणजे गोळी घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असू शकतात. 2019 मध्ये साडेसतरा हजार हृदयरुग्णांवरची एक मोठी चाचणी आली, काहींना पँटोप्राझोल आणि काहींना नुसती दिखाऊ, आत औषध नसलेली गोळी, साधारण तीन वर्षं. किडनी, फ्रॅक्चर, डिमेन्शिया यात ठळक फरक दिसला नाही, पोटाची इन्फेक्शन्स तेवढी जास्त, 1.4 टक्के विरुद्ध 1 टक्का. माझा जीव यामुळे बराच भांड्यात पडला, फक्त ती तीन वर्षांची गोष्ट आहे आणि आपल्याकडे लोक दहा दहा वर्षं घेतात.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी सांगत नाही. गोळी अचानक सोडली की अ‍ॅसिड आधीपेक्षा जास्त उसळतं. डेन्मार्कमध्ये 2009 साली 120 धडधाकट माणसांवर हे करून बघितलं, पित्ताचा काहीही त्रास नसलेली माणसं, अर्ध्यांना आठ आठवडे याच जातीची गोळी दिली आणि मग बंद केली, तर त्यातल्या 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास सुरू झाला, दिखाऊ गोळीवाल्यांत 15 टक्के. म्हणजे चांगल्या माणसाला गोळीनेच पित्त लावलं! आपण गोळी सोडतो, चौथ्या दिवशी घशाशी येतं, आपल्याला वाटतं बघा गोळीशिवाय जमतच नाही, आणि परत सुरू. आईचं दोनदा हेच झालं.

स्ट्रिपवर नावापुढे 'डी' आहे का तेही बघा. बहुतेक वेळा तो डॉमपेरिडोन असतो, मळमळीवरचं औषध. हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून युरोपात 2014 पासून हे साधारण आठवड्याच्या वर देऊ नका असं सांगितलंय. साध्या जळजळीसाठी महिनोन्महिने 'डी'वाली गोळी घेण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

दुसरा पर्याय फॅमोटिडीन. प्राझोलपेक्षा सौम्य पण तासाभरात काम करते, लग्नाच्या पंगतीआधी किंवा रात्री त्रास होणार असं वाटलं तर बरी. रोज घेतली तर आठवडा दोन आठवड्यांत शरीराला सवय होऊन असर कमी होतो, त्यामुळे अधूनमधूनच. किडनी कमजोर असेल तर डोस डॉक्टरांनी ठरवायचा. हिचीच बहीण रॅनिटिडीन, घरोघरी असायची, तिच्यात एनडीएमए नावाचा कॅन्सरशी जोडला गेलेला घटक सापडल्यावर अमेरिकेने 2020 मध्ये बाजारातून काढली आणि आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून 2022 मध्ये गेली. फॅमोटिडीन असताना ती कशाला घ्यायची.

डायजीन, जेलुसिल, इनो हे तात्पुरतं, पाच दहा मिनिटांत बरं वाटतं आणि तास दोन तासांत असर संपतो. इनोमध्ये सोडियम भरपूर, बीपीवाल्यांनी जपून. थायरॉईडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर अँटासिडपासून चार तास लांब ठेवा.

आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक असं धरून चालू नका. सूतशेखर आपल्याकडे सर्रास घेतात, त्यात पारा असतो, वैद्यांच्या देखरेखीशिवाय महिनोन्महिने नको. ज्येष्ठमध रोज खाल्लं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. थंड दूध प्यायलं की क्षणभर बरं वाटतं पण नंतर अ‍ॅसिड सुटतंच. पुदिन्याने तर अन्ननलिकेची झडप आणखी सैल पडू शकते.

बिनऔषधाचं म्हणाल तर पोटाचा घेर कमी करणं, रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, तंबाखू आणि मशेरी बंद, डाव्या कुशीवर झोपणं. आणि पलंगाची उशाकडची बाजू सहा ते आठ इंच वर. दोन उशा घेऊन हे होत नाही, उलट पोट दुमडून दाब वाढतो. आम्ही आईच्या पलंगाच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवल्या, वर जुन्या सतरंजीचे तुकडे घातले घसरू नये म्हणून, पहिल्या दोन रात्री ती म्हणाली खाली घरंगळल्यासारखं वाटतं, तिसऱ्या रात्री शांत झोपली.

मग कुणी काय करायचं? अल्सरमधून रक्तस्राव झालेला, दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा किंवा बॅरेट (तिच्या आतल्या अस्तरात झालेला बदल) दिसलेलं, वय जास्त आणि अ‍ॅस्पिरिन किंवा पेनकिलर रोज चालू, अशांनी गोळी सोडायची नाही, इथे फायदा धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त गोठू नये म्हणूनची गोळी, चालू असेल तर ओमेप्राझोलऐवजी दुसरी चालेल का विचारा. गिळताना अडकणं, वजन उतरणं, काळी शी, उलटीत रक्त, यात घरचे प्रयोग नकोतच. आणि छातीत दडपण येऊन घाम फुटला, हात किंवा जबडा दुखला तर इनो पीत बसू नका हो, आधी ईसीजी काढा.

बाकीच्यांनी, ज्यांना ही गोळी का चालू आहे तेच आठवत नाही, त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारा की ही मला किती दिवस आणि कशासाठी. आईची डॉक्टरांनी 40 मिलिग्रॅमवरून 20 केली, महिन्याने एक दिवसाआड, मग बंद, मधल्या उसळीच्या दिवसांत लागली तर फॅमोटिडीन. तीन आठवडे कठीण गेले. आता डब्याच्या त्या कप्प्यात बी12 ची गोळी आहे आणि फॅमोटिडीनची एक स्ट्रिप, दिवाळीपासून तिच्यातल्या चारच संपल्यात.