वनटीबीबी: थ्रेड मोजत बसू नका, रिड्यूसची अट मात्र पाळा

सी++ मधलं काम सीपीयूच्या सगळ्या कोअरवर वाटायचं असेल, तर आधी वनटीबीबी ही लायब्ररी बघावी. इंटेलने 2006 साली ती टीबीबी या नावाने आणली, पुढच्याच वर्षी सोर्स खुला केला. आता लायसन्स अपाचे 2.0 आहे.

थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) उभे करणं, काम संपेपर्यंत थांबणं, हे काही लिहावं लागत नाही. लूपला पॅरलल फॉर, बेरजेला पॅरलल रिड्यूस, चालत्या बेरजेला पॅरलल स्कॅन. रेंज, म्हणजे कुठून कुठपर्यंतच्या फेऱ्या करायच्या ते, अर्धी-अर्धी तुटत जाते आणि रिकामा थ्रेड दुसऱ्याच्या रांगेतलं काम उचलतो. म्हणून काही फेऱ्या जड, काही हलक्या असल्या तरी कोअर बसून राहत नाहीत. हे हाताने लिहायला गेलं तर आठवडे जातात.

फसगत होते ती रिड्यूसमध्ये. लॅम्डाच्या, म्हणजे आपण रिड्यूसला दिलेल्या छोट्या फंक्शनच्या, हातात रेंज येते आणि आतापर्यंतची बेरीजही. बेरीज तिथूनच पुढे न्यायची. आत नवं शून्य घेतलं, तर एकापाठोपाठ दोन तुकडे त्याच बेरजेवर चालले की पहिल्याचा हिशेब पुसला जातो. प्रोग्राम कोसळत नाही, नुसतं उत्तर चुकतं, तेही कधी कधी. म्हणून ही चूक फार वाईट.

कोड बरोबर असला तरी दशांश बेरजेचे शेवटचे अंक दर रनला बदलू शकतात, कारण तुकडे कुठे पडतील हे चालू असताना ठरतं आणि त्याप्रमाणे राउंडिंग बदलतं. टेस्टमध्ये उत्तर तंतोतंत जुळायला हवं असेल तर पॅरलल डिटरमिनिस्टिक रिड्यूस घ्या. मात्र त्यात मुळात सिंपल पार्टिशनर असतो, तो रेंज ग्रेनसाइजपर्यंत (तुकड्याच्या आकारापर्यंत) तोडत जातो, आणि ग्रेनसाइज दिला नाही तर 1 धरला जातो: एका आकड्याला एक टास्क, म्हणजे साध्या फॉरपेक्षाही हळू. एका तुकड्याला निदान 1,00,000 क्लॉक सायकल लागाव्यात, असा डॉक्युमेंटेशनचा ठोकताळा आहे. 3 गिगाहर्ट्‌झवर साधारण 33 मायक्रोसेकंद.

म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारं कुलूप) धरून आत पॅरलल फॉर चालवू नका. आतलं काम संपायची वाट बघणारा थ्रेड बाहेरच्या लूपचा दुसरा टास्क उचलतो, तो तोच म्यूटेक्स मागतो आणि सगळं अडकतं. टाळता येत नसेल तर आतला भाग आयसोलेटमध्ये गुंडाळा, म्हणजे वाट बघताना थ्रेड बाहेरचं काम उचलणार नाही.

दोन मोठे ॲरे नुसते बेरजायचे असतील तर फार वेग मिळणार नाही. तिथे मेमरीचा वेगच अपुरा पडतो. आणि जुना कोड आणत असाल तर थ्रेडची संख्या ठरवणारं टास्क शेड्यूलर इनिट आता काढून टाकलेलं आहे. थ्रेडची मर्यादा ग्लोबल कंट्रोलने घालावी.