इंजिन उतरवल्याचे पैसे घेतले, इंजिन जागचं हललंच नव्हतं

गाडीखाली तेलाचे थेंब पडायला लागले तेव्हा मी फारसं मनावर घेतलं नाही. रात्री पुठ्ठा सरकवायचा, सकाळी काढायचा. पुठ्ठ्यावरचा डाग बशीएवढा झाला तेव्हा कुठे गॅरेज गाठलं. मेकॅनिकने खालून टॉर्च मारला, चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याच्या, कडेवरून बोट फिरवलं आणि काळंकुट्ट झालेलं बोट माझ्यापुढे धरलं.

"साहेब, चेंबरचं पॅकिंग गेलंय. पण तुमच्या गाडीत खाली क्रॉसमेंबर, म्हणजे सांगाड्याचा आडवा दांडा, मध्ये येतो. इंजिन उतरवल्याशिवाय चेंबर निघायचा नाही."

काळं बोट खरं होतं, क्रॉसमेंबरही खरा होता, म्हणून पुढचंही मी खरं धरलं. पॅकिंगचा खर्च किरकोळ. मजुरी ऐकून मात्र डोळे पांढरे झाले. तरी हो म्हणालो. इंजिन म्हटलं की आपली बोलती बंद होते.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. किल्ली फिरवली, रेडिओ लागला, माझी सगळी स्टेशनं जागच्या जागी. घड्याळ मिनिटाला बरोबर. आदल्या वर्षी नुसती बॅटरी बदलली होती तेव्हा हेच घड्याळ बारावर जाऊन बसलं होतं आणि स्टेशनं पुसली गेली होती. इंजिन उतरवायचं तर बॅटरीची वायर काढावीच लागते. पण मला काय वाटलं? पोरांनी घड्याळसुद्धा लावून दिलं, किती नीटनेटकं काम! हे लिहिताना आजही कान गरम होतात.

पहिल्याच रविवारी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून पाहिली. बिलात नवं तेल लावलेलं, पट्टीवर मात्र जुनंच काळं. माझी गाडी पेट्रोलची. पेट्रोल इंजिनात ताजं तेल सुरुवातीला मधासारखं दिसतं. डिझेलमध्ये ते लगेच काळं होतं, तिथे या खुणेवर जाऊ नका. तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठा परत बाहेर निघाला.

मग एका जुन्याजाणत्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी आधी बॉनेट उघडून इंजिनाच्या फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारे, बोल्ट दाखवले. कारखान्यात बोल्ट आवळल्यावर त्याच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची रेघ ओढलेली होती. धुळीखाली ती रेघ सरळ, अखंड. बोल्ट फिरला असता तर रेघेचे दोन तुकडे इकडेतिकडे गेले असते. मग गाडी वर घेऊन त्यांनी मला खाली बोलावलं. चेंबरच्या सांध्यावर बाहेरूनच, मळ न पुसता, काळं सिलिकॉन थापलेलं. त्यांनी नखाने टोक उचललं आणि दुधावरची साय निघावी तशी अख्खी पट्टी हातात आली. "इंजिन सोडा साहेब, यांनी चेंबरचा एक बोल्टसुद्धा फिरवलेला नाही."

खरं काम माझ्यासमोर झालं. तेल काढलं, सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडला. दोन्ही मडगार्डच्या कडांवर आडवी लोखंडी पट्टी ठेवली आणि साखळीने इंजिनाचा भार तिच्यावर घेतला. मगच फाउंडेशनचे बोल्ट सोडून इंजिन दोन-तीन बोटं वर उचललं. बस, तेवढंच. चेंबर खाली आला पण मध्येच अडला, कारण तेल ओढणारी जाळी आतल्या पत्र्याला अडकत होती. त्यांनी क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, थोडा फिरवला, चेंबर मागे कलता केला आणि तिरका काढून घेतला. सांधा सोडवताना स्क्रूड्रायव्हर कुठेही खुपसला नाही, पातळ पाती रबरी हातोडीने हळूहळू आत सरकवली. ॲल्युमिनियमच्या चेंबरची कड एकदा ओरखडली की नवं पॅकिंगही तिथून पाझरतं. छोटे बोल्ट टॉर्कपान्याने, म्हणजे नेमका जोर दाखवणाऱ्या पान्याने, मधून बाहेर, दोन फेऱ्यांत आवळले. सांध्याला लावलेलं सिलिकॉन सुकायला गाडी रात्रभर ठेवून घेतली, तेल दुसऱ्या दिवशी भरलं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो: काही गाड्यांमध्ये सबफ्रेम, म्हणजे इंजिनाखालची जोडचौकट, उतरवावी लागते, आणि काही फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या, गाड्यांमध्ये पुढचा ॲक्सल चेंबरला असा खेटून किंवा त्यातून जातो की इंजिन खरोखरच बाहेर काढावं लागतं. म्हणून "इंजिन उतरवावं लागेल" म्हणणारा प्रत्येक जण चोर नाही. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चेंबर काढायच्या पायऱ्या क्रमाने दिलेल्या असतात; ते पान समोर ठेवूनच विचारा. फाउंडेशनच्या बोल्टचे आणि चेंबरच्या कडेचे फोटो गाडी देण्याआधीच काढा, जुनं पॅकिंग परत मागा. आणि तेल चेंबरचंच आहे ना, हेही आधी धुऊन बघायला लावा. टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून, किंवा फिल्टरपाशी झिरपलेलं तेलही ओघळत येऊन चेंबरवरच थेंब धरतं.

सिलिकॉनची ती पट्टी कागदात गुंडाळून मी पहिल्या गॅरेजवर गेलो. मालकाने ती उलटसुलट पाहिली, काम करणारा मुलगा सोडून गेला म्हणाला आणि तेलाचे पैसे परत दिले. मजुरीचं विचारलं तेव्हा त्याने माझंच बिल माझ्यापुढे सरकवलं. त्यावर एवढंच होतं: "चेंबर काम, मजुरी."

"इंजिन उतरवल्याचं यात कुठे लिहिलंय, साहेब?"