७६,७०० रुपयांचा ‘बूस्टर’

माझं स्वतःचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. रोज दहा गिऱ्हाइकांना सांगतो, “भाऊ, पक्कं बिल घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या.” आणि मी ७६,७०० रुपयांचं काम बिलाशिवाय करून घेतलं. हसायचं त्यांनी आधी हसून घ्या.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीपासून गिरणाऱ्याच्या अलीकडच्या मळ्यापर्यंत सरळ रेषेत ११ किलोमीटर. मळ्यावर फायबर नाही, म्हणून गच्चीवरून मळ्यावर बिनवायरीचं इंटरनेट नेणारी पाच गिगाहर्ट्झची जुनी लिंक होती. ती सारखी तुटायची, कॅमेरे गोठायचे. मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली होती आणि द्राक्षांची गोडी छाटणी तोंडावर. माणूस घाईत असला की अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

लिंक नीट करून देतो म्हणणारा हा पठ्ठ्या ओळखीतून आला. “दादा, पावसाने सिग्नल मरतो, बूस्टर लागेल.” पाच गिगाहर्ट्झला पावसाचं फारसं काही होत नाही, मार खातात ६० गिगाहर्ट्झवाले. हे आता कळतंय. हिशोब लिहून ठेवा: दोन ‘नवीन’ रेडिओ (लिंकच्या दोन टोकांना बसणारी यंत्रं) ३८,०००, ‘प्रायव्हेट फ्रिक्वेन्सीचं लायसन्स’ १८,५००, बूस्टर ११,२००, पाइप-मजुरी ९,०००. लायसन्सची पावती अशोकस्तंभ छापलेली. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा केंद्राने २०१८ च्या अधिसूचनेनेच परवानामुक्त केलाय. लायसन्सचे पैसे कोणी मागितले तर त्याला तिथूनच जिन्याची वाट दाखवा.

आणि तो क्षण. गच्चीवर त्याने स्वतःचा मोबाईल माझ्या नाकासमोर धरला: १८७ एमबीपीएस. “मळ्यावरून खेचतोय, दादा!” रेडिओचा रिकामा डबा माझ्या हातात होता, त्यावर ठसठशीत १०/१००, म्हणजे पोर्टचा वेग जास्तीत जास्त १०० एमबीपीएस. शंभरच्या पोर्टमधून १८७ कसे येतील? रोज वायरी विकणाऱ्या माणसाला हे कळू नये? स्क्रीनच्या कोपऱ्यात वायफायची खूणसुद्धा नव्हती, ५जी लिहिलेलं होतं, म्हणजे आकडा त्याच्या मोबाईल नेटवर्कचा. मी दोन्ही पाहिलं. पाहून खाली गेलो आणि बायकोला म्हणालो, चहा टाक.

चौथ्या दिवशी लिंक पुन्हा मेली. फोन बंद. बूस्टरचा डबा खोलला तर आत एक हिरवा एलईडी, वजनासाठी सिमेंटचा गोळा आणि इकडून तिकडे गेलेली सरळ वायर. रेडिओवरचं स्टिकर नखाने सोललं, खाली जुना नंबर.

पुढे भाच्याच्या मित्राने दुपारभर बसून लिंक नीट केली. डिश मुख्य झोताऐवजी साइड लोबवर, म्हणजे बाजूला सुटणाऱ्या दुबळ्या झोतावर लागली होती. एकाने इकडे मिलिमीटर-मिलिमीटर फिरवायची, दुसऱ्याने मळ्यावरून फोनवर आकडे सांगायचे. सिग्नल उणे ८१ वरून उणे ६४ डीबीएम (शून्याच्या जितका जवळ तितका जोरदार). चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ केली, वेग कागदावर निम्मा झाला पण तुटणं थांबलं. वाटेतल्या निलगिरींसाठी मळ्यावरचा पाइप उंच केला. समोरचं टोक डोळ्यांना दिसलं म्हणजे भागलं, असं नसतं. एवढ्या अंतराच्या मध्यावर फ्रेनेल झोनची, म्हणजे सरळ रेषेभोवती सिग्नलला लागणाऱ्या फुगीर जागेची, त्रिज्या साधारण १२ मीटर असते आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. आता ६० एमबीपीएस मिळतात, टिकून. खर्च: पाइप आणि पोराचं जेवण. पैसे देण्याआधी रेडिओच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावरचे आकडे मागा, दुसऱ्याच्या मोबाईलवरचे नकोत.

पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, “काम केलंय ना त्याने? मग हा दिवाणी वाद, सायबरला विचारा.” सायबरवाले म्हणाले, “माणूस घरी आला, तुम्ही चहा पाजला, यात ऑनलाइन काय?” परत ठाणे. नुसता अर्ज इनवर्ड करायला तीन फेऱ्या, एका फेरीला शिक्का मारणारा जेवायला गेलेला, एकदा रजेवर. सरकारच्या नावाने खोटी पावती फाडली, ती समोर ठेवली, तरी दिवाणी! मग एका वकिलाने २,००० घेऊन सांगितलं की ग्राहक आयोगात ‘व्यावसायिक वापर’ म्हणून अडवतील. पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराला त्यातून सूट आहे, हे २०१९ चा कायदा मीच वाचल्यावर कळलं. तेही पैसे गेले.

निम्मे रोख दिले होते, तो मूर्खपणा वेगळाच. यूपीआयच्या निम्म्यांचा निदान पुरावा तरी आहे.

परवा त्याचं नवं स्टेटस कुणीतरी पाठवलं. माझ्याच गच्चीवरची डिश, मागे बायकोने वाळत घातलेल्या साड्या, आणि खाली: ‘११ किमी, १८७ एमबीपीएस, समाधानी ग्राहक.’