ऑल्ट टेक्स्ट: रिकामा सोडायचा, मशीनकडून घ्यायचा की स्वतः लिहायचा?

वेबसाइटवर फोटो चढवताना ऑल्ट टेक्स्टची चौकट समोर येते. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फोटोच्या जागी तोच मजकूर वाचून दाखवतो. ती चौकट कशी भरायची, हे फोटो त्या पानावर काय काम करतोय यावरून ठरवावं.

नुसती सजावट असेल, म्हणजे वेलबुट्टी, रेघ किंवा पार्श्वभूमीचा रंगीत पट्टा, तर ऑल्ट रिकामाच ठेवा. स्क्रीन रीडर ते चित्र गाळून पुढे जातो. मात्र कोडमध्ये ऑल्ट रिकामा ठेवणं वेगळं आणि तो मुळातच नसणं वेगळं. नसला तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचू लागतात. चित्रावर लिंक असेल तर रिकामा ऑल्टही चालत नाही. ती लिंक कुठे नेते ते लिहावं लागतं.

मशीनचा पर्याय मोहात पाडणारा आहे. फेसबुकने २०१६ मध्ये आपोआप वर्णन सुरू केलं, तेव्हा फोटोतल्या वस्तूंची यादीच मिळायची. आताची साधनं पूर्ण वाक्यं लिहितात. पण तो फोटो तुम्ही तिथे का लावला, हे मशीनला कुठून कळणार? रायगडाच्या महादरवाज्याचा फोटो घ्या. मशीन लिहील, ‘दगडी भिंती आणि निळं आकाश’. दुर्गबांधणीवरच्या लेखात मला हवं असतं, ‘महादरवाज्याचे दोन बुरूज, दार त्यांच्या आड असल्यामुळे समोरून दिसत नाही’. तोच फोटो सहलीच्या पानावर असेल तर ‘रायगडाचा महादरवाजा’ एवढं पुरे. म्हणून जुन्या फोटोंचा ढीग उपसायला मशीनचा कच्चा मसुदा घ्या, पण माणसाने वाचल्याशिवाय तो चढवू नका. स्वतः लिहिताना ‘चा फोटो’ जोडायची गरज नाही. हे चित्र आहे, हे स्क्रीन रीडर सांगतोच.

आपल्याकडे खरी अडचण होते ती पत्रिकांची. व्याख्यानमालेचं निमंत्रण, प्रवेशाची सूचना, शिबिराचं वेळापत्रक, सगळं एका जेपीजीत. ऑल्टमध्ये ‘कार्यक्रम पत्रिका’ लिहिलं तर वाचकाला काहीच कळत नाही. सगळा मजकूर ऑल्टमध्ये कोंबला तर तारीख, वक्ते आणि स्थळ एका दमात कानावर आदळतात. मथळ्यावरून मथळ्यावर जाता येत नाही, फोन नंबरवर बोट ठेवून फोन लावता येत नाही. इथे माझं मत ठाम आहे: मजकूर पानावरच टाइप करा आणि ऑल्टमध्ये ‘व्याख्यानमालेची पत्रिका, तपशील खाली’ इतकंच लिहा. मोबाइलवर बारीक अक्षरं ताणून वाचणाऱ्या आजोबांचीही सोय होते. आलेखाचंही तसंच: निष्कर्ष ऑल्टमध्ये, आकडे खालच्या तक्त्यात.

मराठी पानावर ऑल्टही मराठीत आणि देवनागरीतच हवा. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी राहिली असेल, तर स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज देवनागरीचे उच्चार बिघडवू शकतो किंवा शब्दच गाळू शकतो. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मराठी वाचतो. त्यावर स्वतःचं एक पान ऐकून पाहा.

वर्डप्रेस वापरत असाल तर मीडिया लायब्ररीत ऑल्ट नंतर दुरुस्त केला, म्हणून आधी लेखात घातलेल्या फोटोचा बदलेलच असं नाही. लेख उघडून तिथेही बदला. सुरुवात लिंक असलेल्या चित्रांपासून आणि पत्रिकांपासून करा, कारण वाचक तिथेच अडकून पडतो.