ज्वारीची, वरीची की ग्लूटेन तोडलेली : कोणती बिअर निवडावी?

परदेशातील दुकानांत ग्लूटेन (गहू, जव यांतील प्रथिन) वर्ज्य असणाऱ्यांसाठीच्या फळीवर दोन अगदी निराळ्या जातींच्या बिअर शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एक जात ज्वारी, वरी, कुट्टू, तांदूळ अशा मुळातच ग्लूटेन नसलेल्या धान्यांची. दुसरी जवाच्याच माल्टची (मोड आणून वाळवलेल्या दाण्यांची), म्हणजे नेहमीसारखी बनवलेली, पण आंबवताना एक विकर (एन्झाइम) घालून तिच्यातील ग्लूटेन तोडलेले असते. आपण ग्लूटेन का टाळतो, हे चवीच्या आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे, कारण सीलिअ‍ॅक आजार (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा) असलेल्याने आणि केवळ पोटाला हलके वाटते म्हणून गहू सोडलेल्याने एकच बाटली उचलावी, असे मला वाटत नाही.

जवाच्या गटातील दोन परिचित नावे म्हणजे बार्सिलोनाच्या डॅम कंपनीची 2006 मधली दौरा आणि अमेरिकेतील पोर्टलंडची 2012 मधली ओमिशन. या पद्धतीत वापरले जाणारे विकर मुळात थंड केल्यावर बिअर गढूळ होऊ नये म्हणून तयार झाले होते. प्रथिनांच्या साखळीत जिथे प्रोलिन हे अमिनो आम्ल येते तिथे ते साखळी कापते आणि ग्लूटेनमध्ये प्रोलिन भरपूर असल्यामुळे त्याचेही तुकडे पडतात. किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन आढळले नाही, तर युरोपात अशा बाटलीवर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापता येते. अमेरिकेत मात्र तसे छापता येत नाही. ‘ग्लूटेन काढून टाकण्यासाठी प्रक्रिया केलेली’ अशा अर्थाचे शब्द खुलाशासह वापरावे लागतात. ऑस्ट्रेलियात तर ग्लूटेनयुक्त धान्याच्या माल्टची बिअर ग्लूटेनमुक्त म्हणून विकताच येत नाही.

हा मतभेद निव्वळ कागदोपत्री नाही. चाचणी ग्लूटेनचे काही ठराविक तुकडे ओळखते. विकराने साखळी वेगळ्या ठिकाणी कापली असेल, तर शरीराला त्रास देणारा तुकडा उरूनही चाचणीच्या नजरेतून सुटू शकतो. सीलिअ‍ॅक रुग्णांच्या रक्तद्रवावर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही नमुन्यांनी अशा बिअरला प्रतिसाद दिला होता, तर ग्लूटेन नसलेल्या धान्यांच्या बिअरला दिला नव्हता. त्यामुळे निदान झालेल्या रुग्णासाठी हा गट चवीला कितीही सरस असला तरी मी तो बाजूलाच ठेवतो.

आणि चवीला तो सरस आहे, हे मान्य केलेच पाहिजे. घरी एकदा एकसारख्या सरळ काचेच्या ग्लासांत दौरा आणि ज्वारीची एक लागर (कमी तापमानाला आंबवलेली बिअर) शेजारी ओतून पाहिली. दौराचा फेस तीन घोटांनंतरही काचेला जाळीसारखा चिकटून होता. ज्वारीच्या बिअरचा फेस सोड्यासारखा चुरचुरला आणि मिनिटभरात बसला. फेस धरून ठेवणारी जवाची प्रथिने ज्वारीत नसतात, त्यामुळे हा दोष बनवणाऱ्याच्या हलगर्जीपणाचा म्हणता येत नाही. वासातही दौरामध्ये पावाच्या कडेचा खरपूसपणा होता, तर दुसरीत आंबूसगोड, किंचित धातूसारखा सूर होता.

तरीही न-जवाच्या सगळ्या बिअरना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. रेडब्रिज किंवा मिलवॉकीची न्यू ग्रिस्ट या 2006 च्या सुमारास आलेल्या बिअर ज्वारीवर आधारलेल्या आहेत. ज्वारीच्या अनेक बिअरमध्ये दाण्यांपासून केलेला तयार पाक वापरतात (गोड ज्वारीच्या धाटांची काकवी ती वेगळी). पाकामुळे काम सोपे होते, पण अंग पातळ राहते आणि शेवटी आंबट झाक उरते. भाकरीची ओळखीची गोडी यात शोधणाऱ्या मराठी माणसाची निराशाच होईल.

माँट्रियलची ग्लूटेनबर्ग आणि सिअ‍ॅटलची घोस्टफिश वरीसारख्या बारीक धान्यावर आणि कुट्टूवर भर देतात, आणि फरक पहिल्याच घोटात कळतो: भाजलेल्या दाण्यांचा वास, जिभेवर थोडा भरीवपणा. ही वाट कष्टाची आहे. जवाचा स्टार्च साधारण 60 ते 65 अंशांना फुगतो आणि त्याच तापमानाला माल्टची विकरे कामही करतात. ज्वारी-वरीचा स्टार्च फुगायला त्याहून जास्त उष्णता लागते आणि तेवढ्या उष्णतेत विकरे मरू लागतात. म्हणून तापमान टप्प्याटप्प्याने सांभाळावे लागते किंवा बाहेरून विकरे घालावी लागतात. अशा बाटलीची किंमत चढी असते, याचे एक कारण हेच. ग्लूटेनबर्गने 2012 च्या वर्ल्ड बिअर कपमध्ये ग्लूटेनमुक्त गटातील सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी तिन्ही पदके नेली होती.

स्वतः पारखायचे असेल तर नाव झाकून तीन ग्लास भरून घ्यावेत, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास ओळखावा. निव्वळ अंदाजाने तिनात एकदा बरोबर येतेच, म्हणून चार-पाच फेऱ्या कराव्यात. बिअर फार गार नसावी. बर्फगार बिअरमध्ये ज्वारीचा आंबूसपणा लपतो आणि वरीचा सुगंधही. अमेरिकेतील परीक्षकांच्या 50 गुणांच्या तक्त्यात चवीला 20 आणि वासाला 12 गुण असतात, रूपाला फक्त 3. फेसावरून बाटली नापास करण्याची घाई म्हणूनच नको.

सीलिअ‍ॅक असलेल्याला साधी लागरच हवी असेल, तर थोडी निराशा पत्करावी लागेल, कारण फिक्या लागरमध्ये धान्याचे दोष झाकायला काहीच नसते. त्यापेक्षा वरीची पेल एल किंवा आयपीए, म्हणजे हॉप्स ही कडसर फुले जास्त घातलेली बिअर, घ्यावी. हॉप्सचा कडवटपणा आणि फळांसारखा वास उणिवा पुसून टाकतो. नळावरच्या बिअरपेक्षा बाटली किंवा कॅन बरा, कारण नळीतून आधी जवाची बिअर गेलेली असू शकते. ज्याला वैद्यकीय कारण नाही, त्याने मात्र खुशाल दौरा घ्यावी.

घोटांमधून तोंड स्वच्छ करायला बिस्किटे नकोत, साधे चुरमुरे पुरतात. सोबत चकली ठेवायची असेल तर भाजणीत गहू नसला तरी हिंगाची डबी एकदा वाचावी. बाजारातल्या बहुतेक मिश्र हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो.