डायनरमधला नाश्ता आणि सुपरट्रॅम्पची एलपी
रविवारी सकाळी न्यू जर्सीतल्या आमच्या नेहमीच्या डायनरमध्ये गेलो, काउंटरमागे टर्नटेबल आहे त्यावर सुपरट्रॅम्प या ब्रिटिश रॉक बँडची 'ब्रेकफास्ट इन अमेरिका' लागलेली, १९७९ ची एलपी, कव्हरवर वेट्रेस ऑरेंज ज्यूसचा ग्लास मशालीसारखा धरून उभी आणि मागचं मॅनहॅटन म्हणजे कप, बशा, सीरियलचे खोके! कव्हर मागून घेतलं आणि ऑम्लेट गार होईपर्यंत बघतच बसलो. त्यातल्या 'गुडबाय स्ट्रेंजर' गाण्यातला वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो मोबाईलवर कितीदा ऐकलाय, पण रेकॉर्डवर तो अगदी टेबलाशी येऊन वाजतो राव. बाजू पलटेपर्यंत कॉफी परत भरून मिळते. होम फ्राइज, म्हणजे परतलेले बटाटे, कडेला मस्त कुरकुरीत, टोस्टला लोणी मात्र कमी. स्पीकरजवळचाच बूथ मागा, लांब बसलात तर भांड्यांच्या आवाजात बेस ऐकूच येत नाही.