ल्योंच्या खोलीसाठी भरलेले १२९० युरो

फ्रान्सला शिकायला निघालेल्या आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांसाठी हे लिहितेय. व्हिसाच्या गडबडीत असाल तर आधी हे वाचा, मग बँकेत जा.

मी येळ्ळूरची. बेळगावात बी.ए. करता करता फ्रेंच शिकले, डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी-वन पातळी पास झाले आणि २०२३ साली ल्योंला वर्षभराच्या भाषा अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. व्हिसाच्या कागदांत तिथे राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. विद्यार्थी वसतिगृहात जागा उरली नव्हती आणि बंगळूरची अपॉइंटमेंट बारा दिवसांवर आली होती. तेवढ्यात एक जाहिरात दिसली. गियोतिएर मेट्रोजवळ सामानासकट एक खोली, निळ्या फरशांचं छोटंसं स्वयंपाकघर, भाडं महिना ४३० युरो.

मालक म्हणे नोकरीसाठी स्पेनला गेलेला, किल्ली मित्र देणार. व्हिडिओ कॉलचं विचारलं की नेटवर्क नाही म्हणायचा. पण पत्रं काय सुरेख लिहायचा! माझ्या पहिल्याच पत्रात एका विशेषणाला स्त्रीलिंगी ‘ए’ लावायचा राहिला होता, तो त्याने हळूच दाखवून दिला आणि वर लिहिलं, तुमचं फ्रेंच फार छान आहे. मी भारावून गेले. जो माणूस व्याकरण सुधारून देतो तो आपल्याला फसवील, असं मनातसुद्धा आलं नाही.

त्याने नऊ पानी कराराचा मसुदा पाठवला. शब्दकोश मांडीवर घेऊन दोन रात्री तो मी वाचला. एकही चूक सापडली नाही, कारण तो खऱ्या कराराच्या नमुन्यावरून उतरवलेला होता. सामानासकट घराला दोन महिन्यांपर्यंत अनामत घेता येते, त्याने दोनच महिन्यांची मागितली आणि वर पहिलं भाडं. सगळं कायद्यात बसत होतं. फक्त एक सोडून: पैसे आले की मी सही करून करार पाठवतो, असं तो म्हणाला. करारावर सह्या होण्याआधी घर राखून ठेवायला मालकाने पैसे मागायचे नाहीत, असा फ्रान्सचा नियम आहे. मी प्रत्येक कलमाची भाषा तपासत बसले आणि नेमका हा नियम विचारला नाही.

टिळकवाडीतल्या बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरताना क्लार्ककाकांनी चष्मा वर केला. “पोरी, घरमालकाचं नाव एक आणि खातं दुसऱ्याच्या नावावर कसं गं?” मी ठसक्यात म्हटलं, “ते त्यांच्या वकिलांचं खातं आहे काका, तिकडे तसंच असतं.” खाते क्रमांकाची सुरुवात ‘एल टी’ने होती, म्हणजे लिथुआनिया. फ्रान्सच्या खात्याची सुरुवात ‘एफ आर’ने होते. बाहेरच्या देशातलं खातं म्हणजे चोरच, असं नाही, पण ल्योंचा मालक, राहतो स्पेनला आणि पैसे लिथुआनियात? बाबा शेजारीच उभे होते. माझ्या फ्रेंचवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. बासमती भाताचे आलेले पैसे आणि आईची भिशी मिळून १ लाख १८ हजारांच्या आसपास गेले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दोन बॅगा घेऊन त्या पत्त्यावर पोचले. मालकाच्या मित्राला द्यायला कुंद्याचा डबा घेतला होता. इमारत खरी, नंबर खरा. दाराजवळच्या नावांच्या पाट्या मी तीनदा वाचल्या. खालच्या मजल्यावरच्या आजी बाहेर आल्या, बॅगांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “व्हू झेत ला त्रोआझियेम.” तुम्ही तिसऱ्या. कुंद्याचा डबा त्यांनाच दिला. त्यांनी मला आत बसवून पाणी दिलं, मगच मला रडू फुटलं.

पोलिसांत तक्रार नोंदवली. पैसे जाऊन सहा आठवडे झाले होते, बँकेला काही परत आणता आले नाहीत. फसलात तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेत धाव घ्या. तासागणिक फरक पडतो. मी घरी सांगायलाच आठ दिवस लावले, ही माझी दुसरी चूक.

पुढचं वर्ष कसं काढलं ते थोडक्यात सांगते. विद्यापीठाच्या खानावळीत दुपारी ३.३० युरोचं जेवण, रात्री भात. विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास काम करता येतं, त्यातले बरेच मी एका हॉटेलच्या भांड्यांवर घालवले. घरभाड्याला जामीन राहायला तिकडे आपलं कोणी नसतं. त्यासाठी ‘व्हिझाल’ नावाची हमी फुकट मिळते, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षातल्या बाईंनी सांगितलं. त्याच कक्षाला मी बेळगावातूनच एक मेल टाकला असता तर त्यांनी तो करार बघून दिला असता. नव्या विद्यार्थ्यांचे करार त्या नेहमी बघून देतात.

गेल्या महिन्यात खानापूरच्या एका पोराने मला घराचे फोटो पाठवले. “ताई, बघ की जरा, बरं वाटतंय का?” गाव वेगळं, ग्रनोब्ल. भाडं ४१० युरो. स्वयंपाकघराच्या फरशा निळ्या, आणि खिडकीजवळची एक फरशी कोपऱ्यात फुटलेली. तोच फोटो मी दोन रात्री बघत बसले होते. त्याने पैसे भरले नाहीत. विद्यापीठाला मेल करून पहिल्या महिन्यापुरती एका निवासात खोली मिळवली, तेवढ्या कागदावर राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बंगळूरला जाऊन आला.